ढेकणांची पिचकारी आणि नायगावचं स्थळ

नातवाच्या घरी भिंतीवर एक पांढरी डबी लावली आहे. कुणी सांगो न सांगो, ती मध्येच फुस्स करते आणि घरभर मोगऱ्याचा वास सुटतो. सगळे म्हणतात, किती प्रसन्न वाटतं. मी मात्र दर वेळी पदर नाकाला लावते. नातसून विचारते, "आजी, मोगरा आवडत नाही का?" मोगरा आवडतो गं बाई. पण घरात फूल नसताना फुलाचा वास आला की मला संशय येतो. वासाच्या आडून काय काय नाकात शिरतं ते मी एकदा माझ्याच हातांनी करून पाहिलं आहे, आणि त्यापायी माझ्या वन्संचं लग्न मोडायची वेळ आली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही परळला एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. एक बाहेरची खोली, एक आतली, मध्ये फळ्यांची आडभिंत आणि दाराच्या जागी पडदा. मी एकोणीस वर्षांची, मालवणकडून लग्न होऊन मुंबईत आले त्याला दोन वर्षं झालेली. घरात आम्ही तिघीच: सासूबाई, मी आणि वन्सं, म्हणजे माझी नणंद. आमचे हे सत्याग्रहात पकडले गेले होते. भोईवाड्याच्या कोर्टात उभे केले आणि तिथून थेट आत. इतर वेळी मुलीचा भाऊ तुरुंगात आहे म्हटल्यावर पाहुणे अर्ध्या जिन्यातून परत फिरले असते. त्या वर्षांत मात्र सासूबाई ही गोष्ट पहिल्या चहाबरोबरच सांगून टाकायच्या. "आमचो झील आत आसा," असं म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. ह्यांच्या हातून घरासाठी एवढं मोठं काम आधी कधी झालं नव्हतं.

तर वन्सं. तेविसाव्या वर्षात होत्या, माझ्याहून मोठ्या. स्वभावानं सरळ, हातानं कामसू, दिसायला चारचौघींत उठून दिसतील अशा. तरी दोन स्थळं येऊन मोडली होती, कारण सासरे छातीच्या दुखण्यानं गेले होते. सासरे गिरणीत कार्डिंग खात्यात. तिथे कापूस विंचरतात आणि त्याची बारीक पूड दिवसभर हवेत तरंगत असते. संध्याकाळी माणूस घरी येतो तो भुवया आणि मिशा पांढऱ्या करून. जे मिशांवर बसलं ते धुतलं तर जातं. जे आत गेलं ते सासऱ्यांनी शेवटपर्यंत खोकून बाहेर काढायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा क्षय नाही. पण लोकांना खोकला म्हटलं की एकच शब्द ठाऊक. बाप छातीनं गेला, मुलीचं काय सांगावं, असं म्हणून दोन्ही घरांनी सुपारी परत नेली.

आता तिसरं स्थळ नायगावचं. मुलगा गिरणीत कायम, घरात आई आणि तो, बरोबर बोलणी करायला मामा. हेही मोडलं असतं तर वन्संवर कायमचा शिक्का बसला असता. चाळीत कुणी तोंडावर बोललं नसतं, पण नळावर बोललं असतं, आणि नळावरचं बोलणं तोंडावरच्या बोलण्याहून वाईट. वन्सं आठवडाभर नुसत्या पितळी घासत होत्या. पितळ्यांत तोंड दिसायला लागलं तरी घासतच होत्या, आणि ते बघून मला रडू यायचं.

मला भीती खोकल्याची नव्हती. मला भीती होती ढेकणांची.

ढेकूण सगळ्या चाळीत होते. पण आमच्याकडचा नियम असा, की ढेकूण नेहमी शेजारच्या खोलीतून येतात. आपल्याकडे ते फक्त पाहुणे म्हणून असतात. वर्षातून एकदोनदा गॅलरीत खाट काढून फटींत उकळतं पाणी ओतायचं, तेही सगळ्यांनी एकाच दिवशी, म्हणजे कुणालाच कुणाला हसता येत नाही. ज्या दिवशी पाहुणे यायचे त्याच दिवशी एकट्या आम्ही खाट बाहेर काढली असती, तर साऱ्या मजल्याला कळलं असतं. आणि नाही काढली, तर पाहुणे त्याच खाटेवर बसणार होते! वरमाई बसल्या आहेत आणि मध्येच हळूच मांडी खाजवतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

म्हणून मी भायखळ्याला माझ्या मावशीकडे गेले आणि पिशवीत, भाजीच्या खाली, पिचकारी लपवून आणली. आता ती वस्तू दिसत नाही. पत्र्याची लांब नळी, मागे लाकडी दांडा, पुढे खाली एक गोल डबा. डब्यात ढेकणांचं औषध ओतायचं आणि दांडा आत ढकलला की पुढून फुस्स करून धूर निघतो. धूर कसला, औषधाचे इतके बारीक थेंब की धूरच वाटावा. मावशीनं बजावलं, "दारं-खिडक्या लावून मार. दहा-बारा हात पुरे. तासभर बाहेर बस. मग सगळं सताड उघड आणि संध्याकाळपर्यंत वारा खेळू दे."

मी दारं-खिडक्या लावल्या. एवढं एक तिचं ऐकलं.

रविवारची दुपार. पाहुणे चारला यायचे. सासूबाई वन्संना घेऊन भोईवाड्याच्या देवळात नारळ ठेवायला गेल्या आणि मी कामाला लागले. दहा हात मारले. पण ढेकूण मेला की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. तो काय ओरडून सांगतो? म्हणून आणखी दहा मारले. मग मजा यायला लागली. खरं सांगते, लग्न झाल्यापासून माझ्या हातात कुणी एवढी सत्ता दिली नव्हती. खाटेखाली, फळ्यांच्या फटीत, देवाच्या फोटोमागे, गादीच्या टाक्यांत, सगळीकडे फुस्स, फुस्स, फुस्स. साठ हातांपर्यंत मी मोजले, पुढे हिशेब सुटला. मग लक्षात आलं की खोलीला रॉकेलच्या दुकानासारखा वास येतोय. तेव्हा डब्यातलं उरलेलं औषध वाटीत काढलं आणि डब्यात गुलाबपाणी भरून वरून तेही मारलं.

खिडकी मात्र उघडली नाही. उघडली असती तर वास गॅलरीत गेला असता आणि शेजारणीनं नाक वर करून विचारलं असतं, "ढेकूण झालेत वाटतं?" शटरच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत येत होती. तीत मी पाहिलं, सगळं तसंच तरंगत होतं. हळदीकुंकवाला गुलाबदाणीतून शिंपडलेलं पाणी कसं, अंगावर पडतं आणि संपतं. हे पडतच नव्हतं. मला ते फार सुंदर वाटलं. मी तिथेच उभी राहून दोन मिनिटं बघत बसले, आणि खोकले, आणि तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

चारला पाहुणे आले. वरमाई खाटेवर टेकल्या, शेजारी मुलगा, खुर्चीवर मामा. मामांनी नाक फुगवून श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! गुलाब!" सासूबाईंनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मी गरीब गाईसारखा चेहरा केला. चहा झाला, तुरुंगातल्या भावाचं कौतुक झालं, मामांनी आपण कुठल्या कुठल्या मोर्चात होतो आणि पोलिसांनी कसे अश्रुधुराचे गोळे टाकले ते हात नाचवत सांगितलं. मी आत जाऊन स्टोव्ह बंद केला, पोह्यांवर खोबरं घातलं आणि वन्संच्या हातात तबक दिलं. वन्सं पडदा सारून बाहेर गेल्या. वाकून पहिली बशी वरमाईंपुढे धरली.

आणि खोकल्या.

साधा खोकला नाही. वाकलेल्या होत्या, खाटेच्या अगदी तोंडाशी, जिथे मी सगळ्यात जास्त मारलं होतं. एकदा खोकल्या, दोनदा, आवरायला गेल्या तो आणखी जोरात. बशी थडथडली, पोहे सतरंजीवर सांडले. वरमाईंनी हात मागे घेतला.

"मुलीचे वडील कशानं गेले म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"छातीच्या दुखण्यानं. गिरणीत होते, कार्डिंगला," सासूबाई म्हणाल्या.

"आणि मुलीला खोकला केव्हापासून आहे?"

मी पडद्यामागे उभी होते. वन्संचा चेहरा मला दिसत होता. लाल झाला होता, डोळ्यांत पाणी, आणि त्या खोकला गिळत होत्या. खोकला कुणी गिळताना तुम्ही पाहिलंय? मला बाहेर जाऊन सांगायचं होतं की बाई, हा ढेकणांच्या औषधाचा खोकला आहे, मी मूर्खासारखे साठ हात मारले आहेत. एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगायचं म्हणजे खाटेत ढेकूण आहेत हे सांगायचं, सासूबाईंच्या पाठीमागे पिचकारी आणली हे सांगायचं, आणि वर त्यांनी विश्वास तरी कशाला ठेवला असता? मुलीचा रोग झाकायला सून काय वाट्टेल ते बोलेल!

तेव्हा माझ्या एकोणीस वर्षांच्या डोक्यानं विचार केला: एकटी मुलगी खोकली तर तो रोग. सगळेच खोकले तर ती हवा.

वाटीतलं औषध परत डब्यात ओतलं. पडद्याच्या कडेतून नळीचं तोंड जेमतेम बाहेर काढलं आणि डोळे मिटून वीसेक हात मारले. आजही लाज वाटते. थोडी. हसूच जास्त येतं.

पहिल्यांदा मुलगा खोकला. मग वरमाई. मग सासूबाई. मामा मात्र खोकला यायच्या आधीच ताडकन उठले, दोन्ही हात वर करून ओरडले, "अश्रुधूर! अश्रुधूर सोडला! दारं लावा!" आणि त्यांनी स्वतः आमचं दार धाडकन लावून कडी घातली. झालं! एका चाळीत एक माणूस ओरडला की पन्नास ओरडतात. त्या दिवसांत तर लोक कान टवकारूनच बसलेले. गॅलरीतून आरोळी गेली, खालच्या मजल्यावर गेली, पाण्याच्या बादल्या, ओली फडकी, खिडक्यांची धडाधड. कुणीतरी घोषणाही द्यायला लागलं. रस्त्यावर पोलीस औषधाला नव्हता आणि अख्खी चाळ दारं लावून लढायला तयार.

आत आम्ही सहाजण, बंद खोलीत, माझ्या औषधासकट. मामा अनुभवी. "कांदा! कांदा नाकाला लावा!" आता कांदे आमच्याकडे होतेच, पोह्यांचे. मी पिचकारी पदराआड धरून दुसऱ्या हातानं कांदे कापून बाहेर दिले. वरमाई काठपदराची नवी साडी नेसून, नाकाशी अर्धा कांदा धरून, डोळ्यांतून धारा गाळत बसल्या होत्या. मामा कांद्याआडून सगळ्यांना धीर देत होते. मला हसू आवरेना, हसताना श्वास लागला, श्वास घेतला तो ठसका, आणि ठसक्याबरोबर हातातली पिचकारी खाली पडली. पत्र्याचा तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

सासूबाईंनी पडदा ओढला.

"गो बाये, ह्या काय आसा?"

मी बोलले. सगळं बोलले. ढेकूण, भायखळा, साठ हात, गुलाबपाणी, सगळं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ते खोटं नाही. सासूबाईंनी मला काही म्हटलं नाही, ते पुढे महिनाभर म्हणायला शिल्लक ठेवलं. त्यांनी दार उघडलं, खिडक्या उघडल्या, आणि गॅलरीतल्या शेजारणींना ठणकावून सांगितलं, "ढेकणांचं औषध आहे! जा घरी!" दोन वर्षांत मी त्यांना ढेकूण हा शब्द मोठ्यानं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

वारा आला. हळूहळू एकेक जण शांत झाला. सासूबाई थांबल्या, मामा थांबले, वरमाईंनी कांदा खाली ठेवला आणि मला बघून घेईन असं बघितलं. वन्सं तर कधीच थांबल्या होत्या. उलट सांडलेले पोहे गोळा करत होत्या.

मुलगा थांबेना.

तो गॅलरीच्या कठड्याला धरून उभा होता, स्वच्छ वाऱ्यात, आणि खोकत होता. कोरडा, खोल, बारीक शिट्टी असलेला खोकला. बाहेर काही पडत नव्हतं. वरमाई घाईघाईनं म्हणाल्या, "औषधाचंच आहे हो. तुमच्या सुनेनं एवढं मारलं, तर होणारच."

सासूबाई त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी मुलालाच विचारलं, "सोमवारी जास्त होता काय?"

हा प्रश्न गिरणगावाबाहेर कुणाला कळायचा नाही. रविवारची सुट्टी झाली की छातीला जरा मोकळं वाटतं, आणि सोमवारी सकाळी खात्यात पाऊल टाकून पहिला श्वास घेतला की छाती आवळते. सासऱ्यांचा प्रत्येक सोमवार असाच गेला होता. दिवसभर नाकात जाणाऱ्या कापसानं धरलेली छाती सोमवारी बोलते, हे आमच्या घराला डॉक्टरांच्याही आधी ठाऊक होतं.

वरमाई खाली बघू लागल्या. मामा छताकडे. मुलानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "होय. सोमवारी. मंगळवारपासून जरा कमी."

"खातं?"

"ब्लोरूम."

म्हणजे कार्डिंगच्याही आधीचं, जिथे कापसाच्या गाठी फोडतात. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! मला असा राग आला की पिचकारी रिकामी नसती तर पुन्हा चालवली असती.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी अशी एक छाती बावीस वर्षं ऐकली. दुसरी ऐकायची ताकद नाही माझ्यात. माफ करा. मुलगी देणार नाही." वरमाईंनी पदर सावरला. मामा चपला शोधू लागले. तिसरं स्थळ मोडलं, आणि या वेळी ते आमच्याच बाजूनं मोडलं.

"आये, थांब," वन्सं म्हणाल्या.

पोह्यांचं तबक हातात घेऊनच त्या गॅलरीत गेल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "खातं बदलून मागा."

"कोण देतो?" तो म्हणाला.

"मागितलं होतं?"

"नाही."

"मग मागा. घडी खातं मागा, नाहीतर कापड खातं मागा, जिथे कापूस उडत नाही असं कुठलंही मागा. पगार कमी झाला तरी चालेल. पुढच्या शिमग्यापर्यंत मी थांबते. पुढे नाही."

माझा आ वासला. दोन स्थळं मोडलेली मुलगी तिसऱ्याला मुदत देत होती! वरमाई काहीतरी बोलणार होत्या, पण मुलानं मान हलवली. एकदाच. आणि जिना उतरून गेला. त्याचा खोकला आम्हाला फाटकापर्यंत ऐकू येत होता.

मग काय, नळावर आमचं नाव गाजलं. ढेकूणवाल्या म्हणून, अश्रुधूरवाल्या म्हणून, आणि आलेल्या मुलाला नको म्हणणाऱ्या म्हणून. हे सुटून आले, त्यांनी सगळी कहाणी ऐकली आणि म्हणाले, मी आत होतो तेच बरं होतं. वन्सं कामं करत राहिल्या. मध्ये एक बरं स्थळ सांगून आलं. त्यांनी सासूबाईंना एवढंच विचारलं, "शिमगा झाला?" सासूबाई चिडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तो येणार नाही असं मला वाटायचं, आणि त्याचा दोष माझा असं वाटून मी पोळ्या लाटताना रडायचे. एकदा वन्संनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "वेडे, तू फवारलं नसतंस तर मला हे लग्नानंतरच्या सोमवारी कळलं असतं."

माघ संपत आला होता तेव्हा निरोप आला. घडी खातं मिळालं, सात महिने झाले, येऊ का? सासूबाईंनी उलट निरोप धाडला: यायचं तर सोमवारी, पाळी सुटल्यावर, आणि एकट्यानं.

सोमवारी आम्ही तिघी दाराआड उभ्या राहिलो. ह्यांना खाली पान खायला पाठवलं होतं. जिन्यावर पावलं वाजली. पहिला मजला. दुसरा मजला. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तिसऱ्याच्या अर्ध्यावर पावलं आली आणि बंद पडली.

"तो थांबलो," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या.

वन्संनी दाराला कान लावला. मीही श्वास धरला. खोकला नाही, शिट्टी नाही, नुसती एक चप्पल पायरीवर घासत होती.

"दम लागून नाही गो, आये," वन्सं म्हणाल्या. "घाबरून थांबलाय." आणि त्यांनी दार उघडलं.